लाकडी छत आणि तुळया पांढऱ्या केल्यावर डाग पुन्हा पुन्हा वर येत असतील तर

फोन बहुतेक वेळा असाच असतो: "रंग देऊन महिना झाला, आता छतावर पिवळे ठिपके दिसायला लागलेत. अजून एक हात मारला की जातील ना?" नाही जात. सुरुवातीच्या काळात मी एका छताला एकावर एक तीन हात दिले होते. डाग दर वेळी आधीपेक्षा थोडा उशिरा यायचा, फरक काय तो एवढाच. शेवटी सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं, तेही माझ्या खर्चाने. तेव्हापासून डबा उघडण्याआधी अर्धा तास ओलं फडकं, स्पिरिट (लाख विरघळवणारं मेथिलेटेड स्पिरिट) आणि टॉर्च घेऊन छताखाली उभा राहतो. ती तपासणी मी ज्या क्रमाने करतो, त्याच क्रमाने खाली लिहिली आहे. आधी फुकटातली, मग थोड्या खर्चाची, आणि खरवडायची पाळी शेवटी.

डाग कसा दिसतो ते आधी नीट बघा

दिवा बंद करा, टॉर्च छताला जवळजवळ चिकटवून आडवी धरा आणि शिडीवर चढून डाग हाताच्या अंतरावरून बघा. खालून सगळे डाग सारखेच दिसतात, जवळून नाही.

गोल, नाण्याएवढा ते वाटीच्या तोंडाएवढा पिवळा-तपकिरी डाग, मधे किंचित चकाकी आणि बोट फिरवलं तर थोडा चिकटपणा: ही लाकडातली गाठ. पाइन, देवदार, फर अशा लाकडात हे हमखास होतं. रंग दिल्या दिल्या काहीच दिसत नाही. काही आठवडे जातात, कधी पहिला उन्हाळा जातो, आणि मग गाठ पांढऱ्यातून डोळा उघडल्यासारखी बघायला लागते.

फळीभर पसरलेली चहाच्या पाण्यासारखी तपकिरी झाक, बहुतेक वेळा रंग ओला असतानाच किंवा पहिल्या दोन-तीन दिवसांत आलेली: हे टॅनिन, म्हणजे लाकडातलाच रंग सोडणारा पदार्थ. ओक, सीडर, महोगनी यांत जास्त. एखादी फळी पूर्ण तपकिरी आणि शेजारची स्वच्छ असेल तर जवळजवळ नक्कीच.

कडा गडद आणि मधला भाग फिका, नकाशातल्या बेटासारखा डाग: पाणी. या डागाला रंगाचा प्रश्न समजू नका.

खिळ्यांच्या डोक्यांभोवती निळसर काळे ठिपके: लोखंड आणि टॅनिन यांची ओलीत गाठ पडली की असं होतं. पूर्वीची काळी शाई याच दोन गोष्टींपासून बनायची, त्यामुळे तो रंग इतका पक्का का बसतो ते कळतं.

फळ्यांच्या सांध्यांतून सरळ काळ्या रेघा, कोपऱ्यात काळे-हिरवे ठिपक्यांचे पुंजके, ताज्या रंगावरून ओघळलेले तपकिरी चिकट थेंब, किंवा कुठेही डाग नसताना सगळं छतच साय धरल्यासारखं पिवळट होणं: या चारही गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि चौघींचा उपाय वेगळा आहे.

दिसला तो डाग पेन्सिलने कडेकडेने आखा आणि बाजूला तारीख लिहा. पंधरा दिवसांनी डाग रेघेबाहेर गेला असेल तर मागे काहीतरी अजून चालू आहे. या एका पेन्सिलीने माझे कितीतरी हेलपाटे वाचवले आहेत.

ओलं फडकं

सगळ्यात स्वस्त तपासणी. स्वच्छ पांढरं फडकं कोमट पाण्यात बुडवून पिळा आणि डागावर हलकेच फिरवा.

डाग फडक्यावर आला आणि छत स्वच्छ झालं, तर बहुधा काम इथेच संपलं. न्हाणीघरात किंवा वाफ कोंडणाऱ्या खोलीत नवीन रंगावर जे तपकिरी चिकट थेंब दिसतात, ते लाकडातून आलेले नसतातच. पाण्यात मिसळणाऱ्या रंगात साबणासारखे काही पदार्थ असतात. रंग पुरता वाळायच्या आधी त्याच्यावर वाफ बसली की ते पदार्थ वर येऊन ओघळतात. लोक त्याला टॅनिन समजून घाबरतात आणि महागडा प्रायमर (रंगाआधी द्यायचं अस्तर) आणतात. पुसून टाका, एक-दोनदा परत येईल, परत पुसा, खिडकी उघडी ठेवा. मग येत नाही.

फडकं काळपट झालं आणि डाग अर्धाच गेला, तर ती काजळी किंवा धूर आहे. सांध्यांतल्या सरळ काळ्या रेघाही अनेकदा याच जातीच्या निघतात: फटीतून हवा ये-जा करत राहते आणि तिच्यातली धूळ-काजळी फटीच्या काठावर गाळली जाते. पुसून रंग दिलात तरी वर्षभरात रेघ परत दिसेल, कारण फट तशीच आहे. सिगरेटच्या धुराचा पिवळेपणा तर नुसत्या पाण्याने निघतच नाही. वंगण काढणाऱ्या साबणाने धुवून, साध्या पाण्याने दोनदा पुसून, पूर्ण वाळू द्यावं लागतं.

फडकं स्वच्छच राहिलं, तर डाग रंगाच्या आत किंवा खाली आहे. पुढे चला.

पिवळेपणा डागाचा की रंगाचा?

सगळं छत सारखंच पिवळं पडलं असेल तर एक सोपी गोष्ट बघा. खिडकीजवळचा भाग पांढरा आणि आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यातला पिवळा आहे का? असेल तर दोष लाकडाचा नाही, ऑइल पेंटचा आहे. तेलाच्या बैठकीचा पांढरा रंग उजेड मिळाला नाही की पिवळा पडतो, आणि छताइतकी अंधारी जागा घरात दुसरी नाही. ॲक्रिलिक, म्हणजे पाण्याच्या बैठकीचा रंग, असा पिवळा पडत नाही. छताला घरातून ऑइल पेंट सुचवणाऱ्या कोणाशी मी आता वाद घालत नाही, दोन वर्षांनी येऊन बघ म्हणतो.

पण खाली ऑइल पेंट आहे की ॲक्रिलिक, हे कळणार कसं? पांढऱ्या फडक्यावर थोडं स्पिरिट घ्या आणि न दिसणाऱ्या कोपऱ्यात अर्धा मिनिट घासा. पाण्याच्या बैठकीचा रंग मऊ पडतो आणि फडक्यावर उतरतो. जुना ऑइल पेंट तसाच राहतो. हे आधी कळणं महत्त्वाचं, कारण गुळगुळीत जुन्या ऑइल पेंटवर न घासता थेट ॲक्रिलिक दिला की तो काही महिन्यांत सायीसारखा सुटतो. फडक्यावर तांबूस-तपकिरी रंग आला तर खाली जुनं लाखेचं पॉलिश किंवा लाकडाला दिलेला रंग आहे, आणि तोच वर झिरपत असण्याची शक्यता मोठी. स्पिरिट वापरताना जवळपास शेगडी, मेणबत्ती, पेटती सिगरेट काही नको.

बुरशीचा थेंब

काळ्या-हिरव्या ठिपक्यांवर कापसाच्या काडीने घरातल्या ब्लीचचा एक थेंब लावा. एक-दोन मिनिटांत ठिपका फिका पडला तर बुरशी. तसाच राहिला तर मळ किंवा लोखंडाचा डाग. डोळ्यांवर चष्मा लावा, कारण छतावरचा थेंब खालीच पडणार. आणि ब्लीच कधीही अमोनिया किंवा कुठल्याही आम्लाच्या साफसफाईच्या द्रवाबरोबर मिसळू नका, विषारी वायू होतो.

बुरशी निघाली तर वरून रंग मारून ती झाकू नका. तिला ओल मिळते म्हणून ती आहे. ओल शोधा.

चिकटपट्टी

डागाजवळ ब्लेडने फुलीसारखे दोन काप द्या, लाकूड लागेपर्यंत. त्यावर मास्किंग टेप नखाने दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. टेपवर रंगाचे पोपडे आले तर वर काहीही लावलं तरी ते या पोपड्यासकट खाली येणार. इथे डागाचा विचार बाजूला ठेवून आधी सुटा रंग काढायला लागतो. टेप स्वच्छ निघाली तर चांगली बातमी: जुना रंग घट्ट बसलाय, त्याच्यावरच काम करता येईल.

माझा अनुभव, तुळया आणि फळ्या यांचा निकाल बहुतेक वेळा वेगळा येतो. तुळई खडबडीत कापलेली असते, रंग पिते आणि धरून ठेवते. फळी रंधून गुळगुळीत केलेली, वर जुनं पॉलिश, तिथे रंग निसटतो. दोन्ही जागी टेप लावा.

लाकूड उघडं करून बघणं

आता थोडी मेहनत. डागाच्या मधोमध तळहाताएवढा भाग लाकूड लागेपर्यंत घासा. (जुनं घर असेल तर आधी खाली शिशाबद्दल लिहिलंय ते वाचा, मगच घासा.) उघड्या लाकडावर ओलं पांढरं फडकं पाच मिनिटं दाबून धरा. फडक्यावर चहाचा रंग उतरला तर टॅनिन. टॅनिन पाण्यात विरघळतं, आणि आपण वरून देतो तो रंगही पाण्याचाच. म्हणजे दर नव्या हाताबरोबर आपण त्याला वर यायला वाहन पुरवतो. म्हणून चौथा हातही हरतो.

गाठ असेल तर ती हेअर ड्रायरने गरम करा. मिनिटभरात कडेने चकाकी येते, मग मोहरीएवढा पारदर्शक थेंब फुटतो, त्याला अंगठा लावला तर सुटता सुटत नाही. ती राळ. गाठीच्या अगदी जवळ गरम होणारा दिवा असेल तर हाच प्रयोग दिवा रोज संध्याकाळी तुमच्यासाठी करतो आहे. एका घरी एकच डाग वारंवार यायचा, बाकी छत स्वच्छ. कारण होता जुना हॅलोजन दिवा. एलईडी लावला, गाठ परत बंद केली, डाग संपला.

ओलावा मोजणं

दोन सुया टोचून लाकडातला ओलावा सांगणारं छोटं मीटर मिळतं. लाकडाचं काम वारंवार करणार असाल तर घ्या, नाहीतर एखाद्या सुताराकडून एका दिवसासाठी मागून आणा. घरातलं सुकं लाकूड साधारण ८ ते १२ टक्क्यांत असतं, दमट हवेत थोडं वर. १५ च्या पुढे आकडा गेला की मी रंग थांबवतो. २० च्या पुढे गेला की रंगाचं सामान गाडीत परत ठेवतो, कारण एवढ्या ओलीत लाकूड कुजायला लागू शकतं आणि पाणी कुठून येतंय हा एकच प्रश्न उरतो. डागाच्या जागी आणि दोन मीटर दूर असं दोन्हीकडे मोजा. दोन आकड्यांतला फरक बरंच सांगून जातो.

मग करायचं काय

गाठी आणि टॅनिन दोन्हीला माझं उत्तर एकच: लाखेचा प्रायमर. लाख स्पिरिटमध्ये विरघळलेली असते, पाण्यात नाही, त्यामुळे लावताना टॅनिन जागं होत नाही आणि वाळल्यावर राळेला वाटही मिळत नाही. पाण्याच्या बैठकीचे डाग अडवणारे प्रायमरही मिळतात आणि हलक्या टॅनिनला पुरतात, पण गाठीवर मी त्यांच्या भरवशावर राहत नाही. ते वापरायचे असतील तर रात्रभर वाळू द्या. प्रायमरमध्येच थोडी पिवळी झाक आली तर घाबरू नका, ती तिथेच अडकायला हवी. सकाळी प्रायमरचा दुसरा हात दिल्यावर झाक पुन्हा दिसली, तर मात्र तो प्रायमर पुरत नाहीये.

गाठीवर आलेली राळ आधी गरम करून बाहेर काढा, पत्र्याने खरवडा, स्पिरिटच्या फडक्याने पुसा. मग प्रायमरचे दोन हात गाठीवर आणि भोवती दोन बोटं. लाखेचा प्रायमर वीसेक मिनिटांत हाताला वाळतो आणि तासाभरात दुसरा हात घेतो, तरी डब्यावर काय लिहिलंय ते बघा. गाठी झाल्या की संपूर्ण छताला एक हात. इथे बरेच जण पैसे वाचवतात, नुसत्या डागांवर प्रायमर लावतात आणि वरून रंग देतात. डाग जातो, पण संध्याकाळच्या तिरप्या उजेडात छतावर चट्टे दिसतात, कारण प्रायमर असलेली जागा रंग कमी पिते आणि तिची चमक वेगळी येते. ते चट्टे बघून परत बोलावणं येतंच.

प्रायमरच्या आधी घासणं चुकवू नका. जुन्या पॉलिशवर १२० नंबरचा पेपर, मग १८० चा, फक्त चकाकी मरेपर्यंत. त्याआधी धुणं. तेलकट छतावर घासलंत तर तेल लाकडात आणखी चोळलं जातं.

खिळ्यांचे काळे डाग असतील तर खिळ्याचं डोकं घासून त्यावर गंज अडवणारा प्रायमर, मग वरून लाखेचा. लाकडात शिरलेला निळा-काळा डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने निघतो, पण ते विषारी आहे आणि तुम्ही ते डोक्याच्या वर लावणार आहात. हातमोजे आणि चष्मा घालूनच, आणि नंतर पाण्याने स्वच्छ पुसून. खरं सांगायचं तर पांढरा रंगच द्यायचा असेल तर एवढा उपद्व्याप कशाला, नीट प्रायमर पुरतो.

फळ्यांच्या खाचांबद्दल एक वेगळी तक्रार येते: "रंग दिला तेव्हा एकसंध होतं, आता प्रत्येक सांध्यात उघड्या लाकडाची बारीक रेघ दिसते." लाकूड रुंदीला आकसतं, लांबीला जवळजवळ नाही. हवा कोरडी झाली की फळ्या एकमेकींपासून सरकतात आणि आत लपलेली न रंगवलेली जीभ (शेजारच्या फळीच्या खाचेत बसणारी कड) बाहेर डोकावते. प्रत्येक खाच सीलंटने भरायचा मोह आवरा. मी एकदा भरल्या होत्या. पुढच्या ओल्या-कोरड्या फेऱ्यात तो सीलंट खाचेतून दोरीसारखा लोंबायला लागला आणि मी खुर्चीवर उभा राहून तो ओढून काढत होतो. कोरड्या दिवसांत, फटी सगळ्यात मोठ्या असताना, बारीक ब्रशने त्या जिभेला रंग द्या. सीलंट फक्त भिंत आणि छत मिळतात त्या कडेला, तोही रंग धरणारा ॲक्रिलिक. सिलिकॉन लावलात तर त्यावर रंग कधीच बसणार नाही.

तुळयांना रोलर पुरत नाही. खडबडीत पृष्ठभागाच्या खळग्यांत रोलर पोचत नाही आणि तिथून टॅनिन बारीक ठिपक्यांनी येत राहतं. ब्रशने, दोन्ही दिशांनी, भेगांच्या आतपर्यंत. तुळईवरच्या लांब उभ्या भेगा बहुतेक वेळा लाकूड वाळताना पडलेल्या असतात, त्या पुट्टीने बुजवू नका, पुट्टी सुटून पडते.

रंग शेवटी ॲक्रिलिक, बिनचमकीचा, दोन हात. चमक जितकी जास्त तितका प्रत्येक सांधा उठून दिसतो.

एक सावधगिरी काम संपल्यानंतरची. जवसाच्या तेलाचं किंवा तेलाच्या पॉलिशचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना स्वतःच तापतं आणि पेटू शकतं. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

इथे थांबा

घर जुनं असेल आणि आतल्या रंगाचे थर कोणी कधी दिले माहीत नसेल, तर कोरडं घासू नका, हीट गनही लावू नका. जुन्या तेलाच्या रंगांत, विशेषतः पांढऱ्यात, शिसं सर्रास असायचं. छत घासताना ती धूळ तुमच्या तोंडावर आणि मग घरभर बसते, आणि लहान मुलांना तिचा धोका सगळ्यात जास्त. थोडा पोपडा प्रयोगशाळेत तपासून घ्या. शिसं निघालं तर ते काढणाऱ्या प्रशिक्षित माणसाचं काम आहे, माझंही नाही.

बेटासारखा डाग पेन्सिलीच्या रेघेबाहेर पसरत असेल तर छप्पर किंवा नळकाम बघणाऱ्याला बोलवा. डागाजवळ दिवा किंवा वायरची पेटी असेल तर आधी त्या खोलीची वीज मेन स्विचवरून बंद करा, मग इलेक्ट्रिशियनला फोन. बुरशी साधारण एक चौरस मीटरहून जास्त पसरली असेल तर घासत बसू नका.

तुळईखाली पिठासारखी बारीक पूड पडत असेल, लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतील, तुळई मधे झुकलेली दिसत असेल, किंवा भेग आडवी, तंतू तोडत गेलेली असेल, तर रंगाऱ्याचं काम संपलं. इंजिनिअर किंवा जाणता सुतार बोलवा. मी प्रत्येक तुळईची दोन्ही टोकं, भिंतीत शिरतात तिथे, स्क्रूड्रायव्हरने दाबून बघतो. एका घरी छत पांढरं करायची इतकी घाई होती की फर्निचर आधीच झाकून ठेवलं होतं. तिसऱ्या तुळईच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला, जराही जोर न लावता. मी ब्रश बाहेर काढलाच नाही. त्या तुळईखाली लोखंडी टेकू उभा केला, सुताराने कुजलेलं टोक कापून नवीन लाकूड जोडलं, आणि दोन महिन्यांनी मीटरवर आकडा १२ दाखवल्यावर मी प्रायमरचा डबा उघडला.